नावेला भोक नव्हतं

आमच्या वर्गातल्या एका मुलाला सगळे 'अपील' म्हणायचे. खेळात बाद दिलं की अपील, गणितात अर्धा मार्क कापला की अपील, आईने भाजी कमी वाढली तरी अपील. वडिलांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं, आणि सलूनमध्ये वाढलेल्या पोराला गप्प बसायला कोण शिकवणार?

शाळेत इंग्रजी साहित्याची उच्च पातळी सुरू झाली, तेव्हा हुशार मुलांनी तिला लांबूनच नमस्कार केला. साधी पातळी घ्यावी, मार्क पदरात पाडावेत. उरलो तिघे. औषध दुकानदारांच्या मुलीला साहित्य खरंच कळायचं. मला कळल्यासारखा चेहरा करता यायचा. आणि अपीलला न कळलेल्या गोष्टीवरही ठाम मत असायचं.

अभ्यासाला कादंबरी होती एका नावाड्याची. नदी फुगलेली आहे, मुलाला मुलाखतीसाठी पलीकडे जायचंय, आणि बाप काही केल्या नाव सोडत नाही. नोकरी हुकते, मुलगा घर सोडतो. बाजारातल्या गाइडने निकाल देऊनच टाकला होता : बाप स्वार्थी, मुलाला हाताशी ठेवायला बघणारा. आम्ही दोघांनी तो मुकाट घोकला. अपीलला तो मंजूर नव्हता.

त्याची अभ्यासाची पद्धत जगावेगळी. संध्याकाळी सलूनमध्ये केस झाडता झाडता तो एकेक प्रकरण मराठीत सांगायचा आणि गिऱ्हाइकांची मतं घ्यायचा. इंग्रजी कादंबरी आमच्या गावात अशी दाढीच्या फेसातून शिरली.

"बापाचं चुकलंच," बसचालक काका खुर्चीतून म्हणाले. "पोराच्या भवितव्याचा प्रश्न होता."

"मान हलवू नका," अपीलचे बाबा म्हणाले. "तुमचं भवितव्य आत्ता माझ्या वस्तऱ्याखाली आहे."

"बरं, पण नाव धड असती तर बापाने सोडली नसती का? भोक असणार नावेला."

पुढच्या आठवड्यात त्यातलं 'असणार' गळून पडलं. मग भोक डाव्या बाजूला सरकलं. एका सुताराने ते कसं बुजवायला हवं होतं तेही सांगितलं. रोज तेच ऐकून, रोज तेच सांगून, अपीललाही ते भोक डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

सराव परीक्षेत जो ढेपाळेल त्याने निमूट साध्या पातळीला बसायचं, असं सरांनी आधीच बजावलं होतं. अपीलने उत्तर लिहिलं ते सगळं भोकावर. काय लिहिलं होतं! वाचून नावाड्याचेही डोळे भरून आले असते.

सरांनी पेपर वर धरला. "हे भोक कुठल्या पानावर आहे?"

अपील पुस्तक चाळत राहिला. "डाव्या बाजूला आहे, सर."

"पानाच्या की नावेच्या?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. "लिहिलंयस झकास, पण भलत्याच पुस्तकावर. साध्या पातळीला बस. मार्कही बरे पडतील."

"तिथे काय आहे, सर? पत्रलेखन आणि रिकाम्या जागा. भांडायचं कुणाशी?" अपीलचा आवाज पहिल्यांदाच जरा चिरकला. "एक संधी द्या."

सरांनी चष्मा पुसला. "सोमवारी. पुस्तक हातात घेऊन बोलायचं. एक जरी गोष्ट पुस्तकाबाहेरची निघाली, तर विषय संपला."

त्या संध्याकाळी अपीलने सलूनमध्ये जाहीर केलं, "नावेला भोक नाहीये."

"असं कसं नाही?" बसचालक काका उखडले. "मग आम्ही इतके दिवस काय झक मारली?"

अपील उत्तर द्यायला थांबला नाही. पुस्तक घेऊन मागच्या खोलीत गेला आणि पहिल्यांदाच, कुणालाही न सांगता, पहिल्या पानापासून वाचत बसला.

सोमवारी तो फळ्यापाशी उभा राहिला तेव्हा पुस्तकात कागदाचे कपटे खोचलेले होते. "सर, नावाड्याने त्या दिवशी एका व्यापाऱ्यालाही परत पाठवलंय. तो दुप्पट भाडं देत होता. हे बघा."

"बरोबर," सर म्हणाले. "कारण नाव सोडली असती तर मुलगाही चढला असता. झाला की स्वार्थ!"

मी मनातल्या मनात अपीलला साध्या पातळीवर नेऊन बसवलं.

"व्यापारी सकाळी आला, सर." अपीलने दुसरा कपटा काढला. "मुलाने मुलाखतीचा विषय काढला दुपारी, जेवताना. तोवर बापाला काही माहीतच नव्हतं. मग मुलाला अडवायला त्याने सकाळीच नाव कशी बांधली? तो पाण्यालाच भ्यायला होता."

सरांनी पुस्तक घेतलं. पुढे चाळलं, मागे चाळलं, पुन्हा पुढे. औषधवाल्यांची मुलगी पुटपुटली, "खरंच की."

"मला बाप अजूनही स्वार्थीच वाटतो," सर म्हणाले.

"पान सांगा, सर."

सरांनी पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं.

"मला पटलेलं नाही. पण खोडताही येत नाहीये. उच्च पातळीलाच बस."

तास संपला, सर निघूनही गेले. अपील अजून फळ्यापाशीच होता. नावाड्याच्या बायकोबद्दल औषधवाल्यांच्या मुलीने काहीतरी मत दिलं होतं आणि ते त्याला साफ नामंजूर होतं.