पाटावरची फायनल

आमच्या रणगाड्याचं वजन मी कधी केलं नाही. वडिलांचं सरकी पेंडीचं दुकान होतं, तराजू हाताशी होता, पण धीर झाला नाही. दांडी वाकली असती तर दुसऱ्या दिवशी धंदा कशावर करायचा? तो उडायला लागला की पंखांचा असा घुमारा उठायचा, की गल्लीतले निम्मे कामगार गिरणीचा भोंगा झाला समजून डबे उचलायचे. तुम्हाला खोटं वाटत असेल. वाटू द्या. पुढे जे सांगणार आहे त्यात जे सगळ्यात अविश्वसनीय वाटेल तेवढं खरं धरा. बाकीचं मी रंगवलेलं आहे.

रणगाडा म्हणजे भुंगा. अंगठ्याएवढा, काळाकुळकुळीत, डोक्यावर मागे वळलेलं एक शिंग, पायांना करवतीसारखे दाते. सोलापुरात श्रावणाच्या सुमाराला असले भुंगे रस्त्याच्या दिव्यांवर येऊन आपटायचे आणि सकाळी खांबाखाली उताणे पडलेले सापडायचे. तिथं नाही मिळाले तर गवळ्याच्या गोठ्यामागच्या उकिरड्यात कोपरापर्यंत हात घालायचा. मी दोन्ही करत असे. आई नाकाला पदर लावून दारातच विचारायची, "एन माडाकत्ती?" काय करतोयस, हे ती कानडीतून विचारायला लागली की मराठीतून उत्तर देण्यात अर्थ नसायचा. मी पळायचो.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती सुरुवातीची वर्षं. लढाई होऊन गेल्याला फार दिवस झाले नव्हते, रेडिओवर ऐकलेले शब्द आमच्या तोंडात होते, म्हणून माझा भुंगा रणगाडा. गल्लीत अकरा पोरं आणि अकरा भुंगे. जेवायला बसायचा लाकडी पाट दोन विटांवर ठेवायचा, दोन भुंगे शिंगाला शिंग लावून सोडायचे, मागून केरसुणीच्या काडीनं गुदगुल्या करायच्या. पाटावरून खाली पडेल तो हरला. फायनलला तीन डाव, बाकी सगळे सामने एका डावात.

पंच म्हणून सायकलवाल्याची मुलगी होती. आमच्याच वयाची, पण तिच्याएवढं निष्ठुर माणूस मी नंतर कोर्टातसुद्धा पाहिलं नाही. स्वतः भुंग्याला हात लावायची नाही. वाकून बघायची मात्र एवढी, की तिची वेणी पाटावर यायची. "इनो को गुस्सा कायकू आता रे?" असं ती प्रत्येक सामन्याला विचारायची, आणि उत्तर कुणालाच येत नव्हतं. मी म्हणायचो, शिंग खाजतं म्हणून. दुसरा कुणी म्हणायचा, उकिरड्यातली जागा मागतात. ती म्हणायची, "दोनों झूट."

आता माझा वैरी. तो माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. त्याच्या घरी चार हातमाग होते. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी. पहिलीत त्यानं माझी पाटी फोडली की मी त्याची, यावर आमच्यात कधीच एकमत झालं नाही. तेव्हापासून भोवरा, पतंग, सूरपारंब्या, पाढे, सगळ्यांत तो माझ्या पुढे. मी नुसता बोलण्यात पुढे. त्याच्या भुंग्याचं नाव इंजिन होतं आणि ते नाव, सांगायला जिवावर येतं, पण शोभत होतं.

भांडण भुंग्यांचं असलं तरी माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. त्याच्या वडिलांचं एक जुनं भिंग त्याला मिळालं होतं. पितळेचं, तीन पात्यांचं, घडी घातली की मुठीत मावणारं. उघडून कापडावर उभं केलं की एका इंचात उभे दोरे किती, आडवे किती, ते मोजता यायचं. कापडवाल्यांचं नेहमीचं हत्यार. त्यानं एकदा मधल्या सुट्टीत ते बाकावरच्या मुंगीवर धरलं आणि मला म्हणाला, "बघ."

मी बघितलं. मुंगीच्या पायाला केस होते.

हे मला तोपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं. एवढी मोठी बातमी, आणि मास्तर, वडील, रेडिओ, सगळे गप्प! मग माशीच्या डोळ्यात काय असेल? मिठाच्या खड्यात? वडिलांच्या मिशीत? मी अजून डोळा नीट लावतोय तोवर त्यानं भिंग मिटून खिशात घातलं. "बास. झिजंल." त्या दिवसापासून मला रात्रीची झोप, दिवसाचा अभ्यास आणि मधल्या वेळचं खाणं, यांतलं खाणं सोडून काही गोड लागेना.

म्हणून फायनलला आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी त्याला म्हणालो, "पैज लाव की बे. भिंग लाव."

त्यानं थोडा विचार केला. "लावतो. पण हारलास तर वर्षभर माझं दप्तर तू उचलायचं. जाताना, येताना. पोरांच्या देखत."

"उचलतो की. दप्तर काय, तुला पण उचलतो."

"पेंडवाल्या, आधी तुझा भुंगा उचल. पेंड खाऊन पोट टेकलंय त्याचं."

ते खरं होतं. मी रणगाड्याला आठवडाभर गूळ आणि भिजवलेली पेंड चारत होतो. दूध वाढावं म्हणून म्हशीला जे देतात ते भुंग्याला दिल्यावर काय वाढतं, हे मला माहीत नव्हतं. बघायची उत्सुकता होती. वाढलं ते पोट.

फायनल रविवारी सकाळी, त्याच्या घराच्या ओट्यावर. आतून माग खटखट चालू होते. तो इंजिन घेऊन आला आणि सगळी पोरं "आयला!" करून मागे सरली. इंजिनाच्या शिंगाला लाल दोऱ्याचा तुरा बांधला होता. आधीच्या सामन्यांत खुणेला साधा दोरा असायचा. आज फायनल, म्हणून फेट्यासारखा उभा तुरा. विणकराच्या घरातलं पोर ते. दोरा ताठ करायचा म्हणजे पिठाच्या खळीत बुडवायचा, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. माझ्या रणगाड्याच्या पाठीवर चुन्याचा एक ठिपका होता. तुऱ्यापुढे तो ठिपका म्हणजे कावळ्यानं काहीतरी केल्यासारखा दिसत होता.

"हाथ नक्को लगाओ कोई," पंचानं बजावलं. "छोडो."

पहिला डाव सांगण्यासारखा नाही. इंजिनानं शिंग खाली घातलं आणि रणगाडा ओट्याच्या खाली, गटाराच्या अलीकडे वीतभर. मी सांगताना तो गटाराच्या पलीकडे पडला असं सांगतो, पण लिहिताना जपून लिहावं. दुसऱ्या डावात मात्र पोट कामाला आलं. इंजिनाला रणगाडा हलवताच येईना. इंजिन ढकलून ढकलून दमलं, तसा रणगाडा इंच इंच पुढे सरकला आणि त्याला शांतपणे कडेवरून लोटून मोकळा झाला. एकास एक.

तिसरा डाव. आत माग थांबले होते. त्याचे वडील आणि थोरला भाऊ दारात येऊन उभे राहिले होते. मला डोळ्यांपुढे दप्तर दिसत होतं. त्याचं दप्तर लई जड असायचं, तो सगळी पुस्तकं रोज आणायचा. आणि खरोखर समोर, पाटाच्या कोपऱ्यावर, पितळ चमकत होतं.

दोघे भिडले. शिंगात शिंग. या झटापटीत इंजिनाचा तुरा सुटून त्याच्या तोंडापुढे लोंबायला लागला. रणगाडा त्याच्या शिंगाखाली घुसला. आता उचलणार, म्हणून मी ओरडायला तोंड उघडलं, आणि रणगाडा थांबला. एकदम थांबला. मी काडीनं गुदगुल्या केल्या. ढिम्म हलेना. वाकून बघतो तो काय, स्वारी त्या लाल दोऱ्याला तोंड लावून बसलेली.

"काय करतोय बे तुझा?" वैरी म्हणाला.

"लढतोय."

"लढतोय काय? चाटतोय त्यो!"

इंजिनाला हा प्रकार नवा असावा. त्यानं एक पाऊल मागं घेतलं. रणगाडा दोऱ्यामागोमाग पुढं. इंजिन आणखी मागं. रणगाडा पुढं. असं तान्ह्या वासराला दावणीकडे नेल्यासारखं चालत चालत इंजिन पाटाच्या कडेला आलं, आणखी एक पाऊल मागं टाकलं आणि टप्पकन खाली. दोरा त्याच्या शिंगातून निसटून रणगाड्याच्या तोंडातच राहिला, आणि रणगाडा कडेवर सहाच्या सहा पाय रोवून तसाच उभा.

मग जो गोंगाट झाला तो पार मंद्रूप गावच्या बाजारापर्यंत ऐकू गेला असेल. "हे काय लढणं झालं? रद्द करा!" "तोंड लावलं की बाद!" वैऱ्याचा आवाज सगळ्यांत वर होता. पंचानं दोन्ही हात वर केले.

"चाट्या क्या, काट्या क्या," ती म्हणाली, "गिर्‍या सो हार्‍या."

पडला तो हरला, यावर अपील नव्हतं. त्यानं भिंग उचललं आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात ठेवलं.

शहाण्या माणसानं तिथून पळ काढला असता. पण माझ्या हातात भिंग होतं, आणि रणगाडा अजून दोरा चघळत होता. मी भिंग उघडून त्याच्या तोंडावर धरलं. भुंग्याच्या तोंडात मला तलवारी दिसतील असं वाटलं होतं. दिसला तो सोनेरी केसांचा कुंचला, घर सारवल्यासारखा दोऱ्यावरून फिरणारा.

"काय दिसतंय?" वैऱ्यानं विचारलंच.

मी त्याला बघू दिलं. त्यानं बघितलं, मग दोऱ्याचा वास घेतला. "खळ," तो म्हणाला. "परवाची हाय. आंबलीय." तो आत गेला आणि त्याच मापाचा, पण साध्या पाण्यात धुतलेला दुसरा दोरा घेऊन आला. दोन्ही दोरे पाटावर ठेवले. कल्पना त्याची का माझी, आठवत नाही. मला वाटतं माझी, आणि तेच वाईट. रणगाडा खळीच्या दोऱ्याकडे गेला. इंजिनालाही सोडून बघितलं. तेही खळीच्या दोऱ्याकडे. जागा बदलून पाहिलं, पुन्हा तेच. आम्ही सगळे उकिडवे बसून एवढे रमलो, की थोडा वेळ कोण कुणाचा वैरी ते विसरायला झालं.

मग त्यानंच डोकं वर केलं. "म्हंजे तुझा जिंकला न्हाय. माझी खळ हारली."

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली.

"उद्या परत लावू. धुतलेला दोरा बांधून. भिंग मध्ये ठिवायचं."

पंच म्हणाली, "मेरा फैसला हो गया. अब इसकी मर्जी." आणि ती माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, की मी छाती पुढं काढून म्हणालो, "ये की! घाबरतो काय बे? उद्या शाळेच्या आधी, आमच्या दुकानात."

त्या दिवशी उरलेल्या वेळात मी मीठ बघितलं, गूळ बघितला, माशी बघितली, गोणपाट बघितलं, वडील दुपारचे झोपले असताना मिशी बघितली. प्रत्येक गोष्टीच्या आत आणखी एक गोष्ट होती. संध्याकाळपर्यंत मला पक्कं कळलं होतं, की धुतलेला दोरा बांधला तर इंजिन रणगाड्याला पहिल्या डावासारखं भिरकावून देणार.

सकाळी वडील दुकान झाडत होते तेव्हा मी पोत्यांच्या मागे गेलो. रणगाड्याचा एक पाय पोती शिवायच्या दोऱ्यानं खिळ्याला बांधलेला होता. दोरा कापायला मी आईची कात्री घेतली. तो लगेच गेला नाही. माझ्या मनगटावर चढून बसला, दाते टोचत होते. मग पाठीचं झाकण उघडून, तो घुमारा करत, दुकानाच्या पत्र्यावरून गवळ्याच्या गोठ्याकडे गेला. त्या आवाजानं कुणीही डबा उचलला नाही.

पोरं आली. वैरी आला, इंजिन घेऊन, धुऊन वाळवलेला साधा दोरा बांधून. मी तयारच होतो.

"उडाला!" मी म्हणालो. "काय सांगू तुमाला! पहाटं असा खवळला, खिळा वाकवला, भरलेलं पोतं हातभर ओढलं, आणि दोरा ताड्कन तोडून गेला की!" मी दोऱ्याचा उरलेला तुकडा सगळ्यांना दाखवला. पोरांची तोंडं उघडी पडली. भुंगा नाही तर सामना नाही, कालचा निकाल कायम, असं पंचानं जाहीर केलं.

वैरी पुढं आला. त्यानं माझ्या हातातला तुकडा घेतला. "भिंग दे जरा."

देणं भाग होतं. त्यानं दोऱ्याचं टोक पोत्यावर ठेवलं, वर भिंग उभं केलं आणि डोळा लावला. लई वेळ बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुटलेल्या दोऱ्याला मिशा असत्यात. आमच्या मागावर दिवसाला शंभर तुटत्यात. ह्याला न्हाईत."

मी पोत्यावर सांडलेली सरकी वेचायला लागलो. दुकानात सरकीचा वास होता आणि वडील कुणासाठी तरी भुसा मापत होते.

"काय दिसतंय बे?" मागून पोरं विचारायला लागली. "सांग की!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. एक डोळा भिंगाला लावून लावून लाल झाला होता. मग पोरांकडे वळून म्हणाला, "लई जोरात तोडलाय. खिळा पण बघा, वाकलाय."

खिळा सरळ होता. तरी पोरं खिळा बघायला पोत्यांमागे धावली आणि दोघातिघांना तो वाकलेला दिसलासुद्धा.

तोवर त्यानं भिंगाची तिन्ही पाती नीट मिटली, भिंग सदऱ्याला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. असं का केलं, ते मी त्याला तेव्हा विचारलं नाही आणि पुढे विचारायची सोय राहिली नाही. नको म्हणावं असं माझ्या मनात आलं होतं, हे अगदी खरं आहे. पण ते मनात येईपर्यंत माझा हात पुढे गेला होता.