रमिलाबेनच्या माठातला सरदार

आधीच सांगते – ‘शांती करून घ्या’, ‘लिंबू उतरवून टाका’ असले सल्ले कमेंटमध्ये नकोत. मी एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. पण हे माझ्याच घरात घडलं, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही बडोद्याचेच. कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मी आणि बाबा. आई गेली आणि बाबांनी बोलणंच टाकलं. मग एकदा ते ॲक्वेरियमच्या दुकानातून क्रेफिश घेऊन आले – झिंग्यासारखा, पण गडद निळा, दोन मोठ्या नांग्या, त्यातली डावी जरा आखूड. नाव ठेवलं सरदार. त्याला स्वतःच्या हाताने पालक, उकडलेले वाटाणे भरवायचे आणि तासन्‌तास त्याच्याशी बोलायचे... आईबद्दलसुद्धा. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा. माझ्याशी कुठे एवढं बोलत होते?

समोरच्या रमिलाबेनना मात्र तो डोळ्यांसमोर नको असायचा. “आ झिंगो खावा माटे पाळ्यो छे ने?” भेटतील तेव्हा हेच – खायलाच पाळलाय ना? अहो, तो तुमच्याइतकाच शाकाहारी आहे, असं मी एकदा सुनावलंही.

जवळच्या पादरा गावी नात्यात लग्न होतं. झाडांना पाणी घालायला नेहमीसारखी किल्ली रमिलाबेनकडेच दिली. परत आलो तर सरदार त्याच्या काचेच्या टाकीत उताणा, आणि पाण्याला फिनाइलचा वास. “में तो खाली पोतुं मार्युं,” म्हणाल्या. फक्त फरशी पुसली म्हणे! फिनाइल काय स्वतःच टाकीत उडी मारतं?

बाबांनी त्याला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं, आत येऊन आंघोळ केली आणि पुन्हा गप्प झाले. ताटात अर्धं अन्न तसंच राहायला लागलं. टाकी मी कोरडी करून माळ्यावर टाकली. रमिलाबेनशी बोलणं बंद.

काही दिवसांनी त्याच दार बडवत आल्या. हातात वर्तमानपत्राची पुडी. “आ तमे नाख्युं मारा माटलामां?”

त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या माठात सापडलं होतं, आणि ते म्हणे आम्हीच टाकलं. उघडलं... निळं, ओलं कवच. पाठीवर चीर, आत पोकळ. क्रेफिश वाढताना जुनं कवच असंच टाकतो, साप कात टाकतो तसं. डावी नांगी आखूड. पण आकार सरदारपेक्षा कितीतरी मोठा!

मी तडक गॅलरीत जाऊन कुंडी उकरली. सरदार तिथेच होता, मातीने माखलेला.

मग आणखी एक सापडलं. आणखी मोठं. त्यांनी माठ बदलला, झाकणावर वरवंटा ठेवला – तरी तेच. बाबा प्रत्येक कवच मागून आणत, धुऊन टीव्हीशेजारी मांडत. “वाढतोय,” म्हणत. आता ते पोटभर जेवत होते, आणि समोरून किंकाळी आली की हसत होते. मला माझ्याच बापाची भीती वाटायला लागली.

शेवटी एका दुपारी रमिलाबेन रडतच आल्या. “भूल थई गई, काका. फिनाइल में ज नाख्युं हतुं. एने कहो, मारा घरमांथी जाय.” म्हणजे फिनाइल त्यांनीच टाकलं होतं! आणि आता माठात काहीतरी खरवडत होतं म्हणे. भोगा आता, असं मी तोंडावर म्हटलं. पण बाबा उठले. परगावी गेलेला मुलगा घरी आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. समोर गेले, झाकण काढलं, “सरदार, चल घरी,” म्हणत कोपरापर्यंत हात आत घातला.

आणि ओरडले.

हात बाहेर आला तो रक्ताने भरलेला. अंगठ्याजवळचं मांस चिमटून फाटलं होतं. मी तो माठ तिथेच मोरीत उपडा केला. पाणी... नुसतं पाणी.

त्यानंतर एकही कवच सापडलेलं नाही. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, “खेकडा चावला का?” हो म्हणून टाकलं. पण मला छळतं ते वेगळंच. रिक्षातून घरी येताना बाबा पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत एकच वाक्य बोलले, आणि तेव्हापासून गप्प आहेत.

“ओळखलं नाही गं त्याने मला.”