रुखसारच्या संगणकात शिजलेली दावत

तुम्ही संगणकाला एक गोष्ट सांगितली आणि पुढच्या ओळीला लागलात, तर आधीची त्याच्या ध्यानात राहते का? नुसती मान हलवू नका, उत्तर द्या. नांदेडात देगलूर नाक्याजवळ राहणाऱ्या रुखसारनं छाती ठोकून "राहते" म्हटलं होतं. आणि त्याच उत्तरावर ती भर वर्गात तोंडावर आपटली.

दहावीनंतर रुखसार शिलाई मशीनवर बसली. कपडे शिवता शिवता मोबाईलवर बघून पायथन ही संगणकाला हुकूम द्यायची भाषा शिकली, आणि हनीफचाचांच्या दुकानावरच्या खोलीत मोहल्ल्यातल्या पोरींना फुकट शिकवायला लागली. हनीफचाचा लग्नाच्या दावतीचे भटारी. वाफेच्या वासावरून मीठ ओळखणारा माणूस. त्यांना आता ती खोली दावतीच्या मोठाल्या देगी ठेवायला पाहिजे होती.

"पोरी काय शिकून राहिल्यात ते दाखव," ते म्हणाले. "कामाचं दिसलं तर खोली तुझी. न्हाई तर उद्या देगी वर चढतील."

रुखसारनं पायथनची काळी खिडकी उघडली. इथं सगळा रोखठोक मामला. एक ओळ लिहा, एंटर दाबा, जवाब हजर.

"बिलोलीच्या लग्नाला माणसं किती, चाचा?"

"तीनशे. अन् किलोत दहा जेवतात."

तिनं लिहिलं, पाहुणे म्हणजे तीनशे. खालच्या ओळीत, तांदूळ म्हणजे पाहुणे भागिले दहा. मग नुसतं 'तांदूळ' लिहून एंटर दाबलं. पडद्यावर तीस.

"बघा, ओळ बदलली तरी समदं ध्यानात हाय."

"हाव. पण व्याही लई पोचलेला हाय," चाचा म्हणाले. "ऐनवेळी चाळीस माणसं जास्तीची आणणार."

तिनं पाहुणे तीनशे चाळीस केले आणि ऐटीत तांदूळ विचारला. तीस.

पोरी फिसकन हसल्या.

"चाळीस जणांना उपाशी मारतीस का, बेटा?"

रुखसारचे कान तापले. परत विचारलं, परत तीस. तिनं कीबोर्डवर हात आपटला. चाचा चप्पल घालून जिन्याकडे निघाले, पण भटाऱ्याची जीभ गप्प बसते होय?

"मशीनवर कशाला चिडतीस? तीस किलो भिजत घातला, मग माणसं वाढली. भिजलेला तांदूळ पाहुणे मोजायला दारात जातो काय? नवा मापावा लागतो."

"थांबा, चाचा. उतरू नका."

तिनं वरचा बाण दाबत दाबत तांदळाची जुनी ओळ परत आणली. एंटर. चौतीस.

खिडकीनं 'तांदूळ' या नावाखाली हिशोब ठेवलाच नव्हता, त्या वेळचं उत्तर तेवढं ठेवलं होतं. पाहुणे बदलले तरी ती ओळ पुन्हा चालवल्याशिवाय तीसच राहणार. रुखसार आता बोलायची थांबेना. तिनं खिडकी बंद केली, नवी उघडली, तांदूळ विचारला. असं नावच ठाऊक नसल्याचं उत्तर आलं.

"मांडव उतरला म्हण की," चाचा म्हणाले, आणि चप्पल काढून खुर्चीवर बसले. "सरक. मटण मी लिहितो."

एका बोटानं त्यांनी 'मटण' लिहिलं. मग कांदा. मग तेल. माणसं वाढवली, ओळी परत चालवल्या, आकडे बदलताना बघून मांडीवर थाप मारली. देगी खालीच राहिल्या.

खोली वाचली, पण पोरी खोलीभर, संगणक एक, आणि त्यावर चाचा बसून राहिलेत. तुमच्या कपाटात चालू संगणक धूळ खात असेल तर भंगारात घालू नका. देगलूर नाक्यावर आणून द्या.