ज्ञानेशशिवाय न चालणारी लाइन

ज्ञानेशने राजीनामा दिला त्याला आठ महिने झाले, आणि तो अजून त्याच खुर्चीवर बसतो.

चाकणला ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात तो सर्व्हर सांभाळतो. मोशीत एकटाच राहतो. बायकोला, मधुवंतीला, लातूरच्या कॉलेजात कायमची जागा मिळाली, मुलगी तिच्याजवळ. त्याला तिकडे जायचे आहे, एवढेच.

अडकला तो स्वतःच्याच हुशारीने. उत्पादनाच्या लाइनवरचे कॅमेरे प्रत्येक ब्रेकचा फोटो काढतात. ते फोटो तपासणारे छोटे प्रोग्रॅम सर्व्हरवर वेगवेगळ्या बंद कप्प्यांत चालतात. त्यांना कंटेनर म्हणतात. या कप्प्यांमधले निरोप सर्व्हरच्या मूळ सिस्टीममधून जात आणि तिथे खोळंबत. मग लाइन थांबे, आणि कंत्राटी माणसांना अर्ध्या दिवसाच्या पगारावर घरी पाठवत. ज्ञानेशने मूळ सिस्टीम वगळून निरोपांसाठी निराळी यंत्रणा बसवली. लाइन पळू लागली. कारखान्याच्या केयूरसाहेबांनी पेढे वाटले.

पण तपासणीची नेहमीची साधने मूळ सिस्टीमवरच नजर ठेवतात. नव्या यंत्रणेतले त्यांना काही दिसेना. बिघाड झाला की बाकीच्यांच्या पडद्यावर सगळे आलबेल, आणि फोन ज्ञानेशला. मुलीच्या वाढदिवसाला लातूरला गेला, तर केक कापताना हा आतल्या खोलीत लॅपटॉपवर.

त्याने राजीनामा दिला तेव्हा केयूरसाहेब म्हणाले, कुणाला तरी शिकव आणि खुशाल जा. तो तसाच निघून गेला असता तर कुणी अडवले नसते. पण कंत्राटी माणसे त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात. शाळेत माझा विद्यार्थी होता तेव्हाही असाच.

त्याने आपल्याच विभागातल्या, पिंपळे गुरवच्या वर्षालीला निवडले. सहा महिने शिकवले, हातचे काही न राखता. एका रविवारी तिने एकटीने बिघाड काढला, तेव्हा त्याने घरमालकाला नोटीस दिली.

दुसऱ्याच आठवड्यात वर्षाली कँटीनमध्ये समोर येऊन बसली. बंगळूरच्या एका कंपनीने तिला बोलावले होते, याच कामासाठी.

"सर, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

त्याने ताटातला भात कालवला.

"जा," तो म्हणाला. "इथं थांबलीस तर तुझा ज्ञानेश होईल."

मग तो केयूरसाहेबांकडे गेला. जुनी व्यवस्था परत लावू, संथ चालेल, पण सगळ्यांना दिसेल, असे त्याने सुचवले. साहेब हसले. "राव, पळती लाइन कुणी हातानं मंद करतं का?"

सोमवारपासून वर्षालीच्या जागी शिकायला सार्थक नावाचा नवा इंजिनिअर येतो आहे. मधुवंतीने फोनवर विचारले, किती महिने? ज्ञानेशने सहा सांगितले. बाबांचे येणे पुन्हा लांबले, हे मुलीला तिने अजून सांगितलेले नाही.