पडेगावचं पिवळं ग्लायडर

आमच्या ग्लायडर क्लबात सगळं होतं, फक्त ग्लायडर नव्हतं! राज्य निजामाचं, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि आम्हाला उडायचं वेड. शिकायचं तर दोन जणांचं ग्लायडर हवं, शिकणारा पुढं, उस्ताद मागं. एका व्यापाऱ्यानं तशी दोन जुनी ग्लायडरं पडेगावच्या मैदानात आणून उभी केली. त्यातलं एक निवडायचं होतं.

एक पिवळंधमक, ताज्या रंगाचं. दुसऱ्याच्या पंखांवर ठिगळंच ठिगळं. मी म्हटलं, "निवडायचंय काय त्यात? पिवळं!" फौजेत विमानं चालवून आलेले आमचे उस्ताद म्हणाले, "मियाँ, ज़रा सबर." सबर! माझ्या अंगात तो कुठला? मी चढून पुढच्या जागेवर बसलोसुद्धा. व्यापारीही म्हणाला, एक चक्कर मारा, मग बोला. शेवटी उस्ताद मागं बसले. ग्लायडरच्या नाकाला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक मोटारीला. मोटार पळाली की आम्ही वर!

"थांबा!" माझे काका ओरडले. काका वकील, क्लबाचे सेक्रेटरी, आणि वडलांच्या माघारी मला वाढवलेलं त्यांनीच. टांगा असो की सायकल, नारळ फुटल्याशिवाय ते चाक हलू देत नसत. पिशवीतून त्यांनी नारळ काढला. पण फोडायचा कशावर? मैदानातले दगड आम्हीच वेचून लांब टाकले होते.

"राहू द्या की काका! वारा पडंल!" मी चिडलो.

"लई घाई झाली व्हय रे तुला?" म्हणत ते वाकले आणि त्यांनी नारळ ग्लायडरच्या नाकावरच हाणला.

नारळ शाबूत राहिला. नाक फुटलं.

माझ्या बुटांपुढं भगदाड पडलं, त्यातून खालचं गवत दिसायला लागलं. व्यापाऱ्यानं आकांत मांडला, काका मेल्याहून मेले झाले. उस्तादांनी उतरून फुटक्या फळीचा तुकडा बोटांत धरला, तर त्याचे थर आपोआप सुटले आणि ते चिकटवणाऱ्या सरसाची भुकटी गळाली. "वकीलसाब, ये तो अंदर से सड़ गया है. ऊपर जाके हवा में खुल जाता." मी पट्टे सोडून खाली उतरलो.

मग उस्तादांनी ठिगळांच्या ग्लायडरचा सांधा न् सांधा चाकूच्या टोकानं तपासला. ऊन कलायला आलं. या वेळी मी घाई केली नाही. अखेर ते म्हणाले, "ये उड़ेगा." काकांनी मला अडवलं नाही, फक्त पाठ फिरवली.

दोर ताणला, धक्का बसला आणि जमीन सुटली! आईशप्पथ, काय सांगू! वर दोर सोडला, आणि मग नुसता वारा. दौलताबादचा किल्ला टेबलावर ठेवल्यासारखा दिसत होता. मी पोरासारखा ओरडत होतो आणि मागं उस्ताद खदाखदा हसत होते.

उतरलो तो पळतच काकांकडं गेलो. "हेच घ्यायचं काका, हेच! वर कसं वाटलं सांगू?"

काकांनी आधी माझे दंड चाचपले, मग खांदे.

"ते मागून सांग," ते म्हणाले. "आधी मला विचार, खाली कसं वाटलं."