मेल्याचं सोंग

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, माळशिरसकडच्या माळावर मेंढरं राखायचे. मला लिहिता-वाचता येत होतं म्हणून सोलापूरच्या एका गिरणीत हजेरी लिहायच्या कामावर लागलो आणि शुक्रवार पेठेत एका खोलीत राहू लागलो. आबांबरोबर माळ तुडवायला मग कुत्राच उरला. तांबड्या अंगाचा, एक कान लांडग्यानं फाडलेला. त्याला नाव असं नव्हतंच. आबा त्याला नुसतं ‘गड्या’ म्हणायचे, माणसाला म्हणावं तसं.

एका उन्हाळ्यात सिनेमाची मंडळी माळावर तंबू ठोकून राहिली. तेव्हाचा सिनेमा मुका होता. गोष्टीतला सरदार लढाईत पडतो आणि त्याचा कुत्रा प्रेताजवळून हलत नाही, असा देखावा त्यांना घ्यायचा होता. त्यांनी आबांकडे कुत्रा मागितला. मी चार दिवसांच्या रजेवर घरी होतो, त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

सरदाराचं काम करणारा नट उन्हात पालथा पडला. कुत्र्यानं त्याला हुंगलं आणि तो येऊन आबांच्या पायाशी बसला. मग नटाच्या अंगरख्यात मटणाचा तुकडा दडवला. कुत्र्यानं तुकडा खाल्ला आणि पुन्हा आबांकडे आला. दुपार कलली तसे कंपनीचे मालक कंटाळले. अंगलोट सारखीच आहे, तोंड काही दिसणार नाही, तर तुम्हीच हे कपडे घालून पडाल का, असं त्यांनी आबांना विचारलं.

आबा हसत तयार झाले. जरीचा अंगरखा चढवून मातीत पालथे पडले. कॅमेऱ्याचं हँडल फिरू लागलं. कुत्रा शेपूट हलवत गेला, त्यांचा हात चाटला. हात हलला नाही. त्यानं पागोट्याचं टोक दातात धरून ओढलं, बाही ओढली, भोवती दोन-तीन फेऱ्या घातल्या. मग आभाळाकडे तोंड करून असा रडला, की बघायला जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. शेवटी आबांच्या मानेवर तोंड टेकून तो पडून राहिला.

हँडल थांबलं आणि आबा उठले. कुत्रा वेड्यासारखा त्यांच्या अंगावर उड्या मारत होता, अंगाला कापरं भरलेलं. मालकांनी आबांची पाठ थोपटली, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. जेवताना अर्धी भाकरी त्यांनी कुत्र्यापुढं टाकली आणि मला म्हणाले, “मुक्या जीवाला फसवलं रं. हे काय बरं झालं न्हाय.”

त्याच साली सुगीच्या दिवसांत आबा गेले. सकाळी मेंढरं सोडायला काटेरी कुंपणाच्या वाड्याचं तोंड उघडलं, छातीत कळ आली आणि तिथंच पालथे झाले. निरोप मिळून मी पोचेपर्यंत त्यांना माती दिलेली होती. आई रडून रडून थकली होती. मी शेजारी बसल्यावर ती सांगू लागली.

“मी पळत गेले, तर ह्यो कुत्रा चार हात लांब बसल्याला. शेपूट हलवत. रडला न्हाय, भुकला न्हाय. आता उठत्याल म्हणून नुसता बघत हुता. वरनं माती सारली तरी शेपूट हलतच हुतं की.”

मी बाहेर माळावर गेलो. कुत्रा त्या मातीकडं तोंड करून बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो.

थंडीत तो सिनेमा सोलापुरात लागला. रविवारी दुपारी मी एकटाच गेलो. पडद्यापुढं पेटी-तबला वाजत होता आणि एक जण पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवत होता. तो देखावा आला. आबांची पाठ मला कुठंही ओळखू आली असती. ते गेले तेव्हा मी नव्हतो, त्यांचं शेवटचं दर्शनही मला झालं नव्हतं. आता ते समोर पडले होते आणि कुत्रा त्यांना उठवत होता. मला हुंदका फुटला. शेजारी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांपैकी एक म्हातारे बसले होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोडक्या मराठीत म्हणाले, “रडू नको. खोटं असते हे सगळं.”

मी मान हलवली.

सिनेमा आठवडाभर चालला. गिरणीतली पाळी सुटली की मी रोज जायचो. पुढं घरी गेलो तेव्हा आईला सांगितलं. सोलापूरला चल, कुठंतरी पुन्हा लागला तर दाखवतो, असंही म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“त्यात त्ये उठल्यालं दाविलंय का?”

“न्हाय.”

“मग मला नगं बघाया,” ती म्हणाली आणि चुलीकडं वळली.

मेंढरं चुलत्यांनी सांभाळायला नेली, कुत्राही त्यांच्याकडं गेला. राखणीचं काम तो नीट करायचा. पण आबांना ठेवलं त्या जागी कळप आला, की तो तिथंच बसून राही आणि हाकेला उठत नसे. चुलते त्याला मारत नसत, ओढून नेत. पुढच्या उन्हाळ्यात तो गेल्याचा निरोप आला. मी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी ‘घरातले माणूस गेले’ असं लिहिलं. साहेबांनी न वाचताच सही केली.