दोन बोटं माया

आमचे हे शिंपी आहेत, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींना ते कापडच समजतात.

शिवणीत आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि ती माया सोडायची. यांच्या हातच्या प्रत्येक कपड्यात ती दोन बोटं असतेच. तोंडात मात्र शोधूनही सापडायची नाही. लेक लांबच्या गावी नोकरीला निघाली, तेव्हा बाप म्हणून हे काय बोलले, तर "बाही लांब झालीय, काढून दे."

जाताना तिनं तिचं कासव आमच्या गळ्यात मारलं. त्याचं नाव बटण, कारण आणलं तेव्हा कोटाच्या बटणापेक्षा जरासंच मोठं होतं. आता ते ताटाएवढं झालं, तरी राहायचं कपाटाच्या जुन्या खणातच. पाय ओढत चालायला लागलं तेव्हा आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आम्हालाच झापलं.

"त्याला ऐसपैस फिरायला हवं. एका टोकाला दिव्याची ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, लपायला आडोसा. जमत नसेल तर ज्यांच्याकडे सोय आहे त्यांना देऊन टाका."

यांचा चेहरा पडला. लेक फोन करायची तो मुळी "बटण कसंय?" एवढं विचारायला. बटण गेलं तर फोनही बंद पडेल, हे यांनाही कळत होतं आणि मलाही.

घरी येताच यांनी गळ्यातली टेप काढली. कासवाला "सरळ उभं राहा" असं बजावून पाठ मोजली, घेर मोजला. खांदा काही सापडला नाही. सुताराला गाठून त्या मापाचं खोकं करून आणलं.

"बघ फिटिंग!"

फिटिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. चहूबाजूंनी दोन बोटं माया सोडलेली. बटण आत उभं राहिलं, नाक लाकडाला टेकलं, आणि वळता येईना म्हणून तसंच राहिलं.

"अहो," मी म्हटलं, "तुमची गिऱ्हाइकं माप द्यायला उभी राहतात. हे चालतं."

माझ्याशी अबोला सुरू झाला. पण मग एका सकाळी बटणला जमिनीवर सोडून, कापडावर खुणा करायचा खडू हातात घेऊन, हे त्याच्या मागं रांगायला लागले. ते जाईल तिथं रेघ. एरवी जिना चढताना यांचे गुडघे कुरकुरतात, कासवामागं मात्र तक्रार नाही. दर खेपेला रेघ गेली ती लेकीच्या खोलीत, तिच्या पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी.

"मग झालं तर," मी म्हटलं. "पलंग काढा, जागा इथंच आहे."

"पलंग नाही निघणार."

"का?"

"ती आली तर झोपेल कुठं?"

ती शेवटची कधी आली होती, ते मी काढलं नाही. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कारण माझ्या मनात तेच होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. बटणची चौकशी झाली, मी सगळं रामायण सांगितलं. ती हसली. "बाबांना सांग, खुशाल मोडा पलंग. मी आता इथलीच झाले, मला कशाला लागतोय?" फोनचा आवाज मोठा असतो. हे "बरं" म्हणाले आणि शर्टाला काजं करत बसले. नको तिथं एक काज जास्तीचं झालं.

दुसऱ्या दिवशी यांनी स्वतःच्या हातानं पलंग खोलला. फळ्या आडव्या लावून कुंपण केलं. खिडकीकडे दिवा टांगला. त्या फिटिंगच्या खोक्याची एक बाजू कापून ते पलीकडच्या कोपऱ्यात उलटं ठेवलं, आडोशाला. बटण आत सोडलं तसं ते निघालं, थेट टोकापर्यंत चालत गेलं, वळलं आणि परत आलं. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली.

भिंतीलगत मात्र एक पट्टा कुंपणाबाहेर मोकळाच होता.

"एवढी जागा का वाया घालवलीत?"

"माया ठेवलीय."

"कासवाला?"

हे टेप गुंडाळत राहिले.

मी लेकीची गादी ओढत आणली आणि त्या पट्ट्यात टाकली. नेमकी बसली. कडेला दोन बोटं जागा उरली.